दोन घरचा पाहुणा

अकरा हंगाम मी त्याचे घोटे बांधले.
पांढरी चिकटपट्टी, टाचेखालून वर, पुन्हा खाली,
आठाचा आकडा, शेवटी अंगठ्याचा दाब.
उजवा आधी, नेहमी.
एकदाच घाईत डावा आधी बांधला,
त्या रविवारी डेट्रॉइटला त्याची बरगडी गेली.
तो विषय आम्ही दोघांनी परत काढला नाही.

अर्विद हाउताला. उत्तर मिनेसोटातला, लोखंडाच्या खाणींकडचा.
बाप खाणीत ट्रक हाकायचा,
आई शाळेच्या खानावळीत वाढायची.
सहाव्या फेरीत निवड झाली तेव्हा
मंचावरच्या माणसाने त्याचं आडनाव
दोनदा चुकवलं, आणि तिसऱ्यांदा प्रयत्न सोडला.

टाइट एंड म्हणजे नक्की कोण, बायकोने एकदा विचारलं.
म्हटलं, रांगेच्या टोकाला उभा राहतो तो.
अर्धा वेळ धिप्पाडांबरोबर धडका घ्यायच्या,
अर्धा वेळ चपळांबरोबर पळायचं.
धिप्पाड म्हणतात, हा नाजूक.
चपळ म्हणतात, आली मालगाडी.
म्हणजे दोन घरचा पाहुणा, ती म्हणाली,
आणि मी पट्टीचं नवं रीळ फोडलं.

नोंदवहीत एकशे एकोणीस झेल.
अडवलेल्या माणसांसाठी रकानाच नाही.
कॅमेरा चेंडूमागे जातो;
हा चित्राच्या डाव्या कडेला
कुणाच्या तरी छातीत खांदा रुतवून,
आणि सत्तर हजार माणसं
दुसऱ्याचं नाव घेत उभी.
लाउडस्पीकरवर त्याचा आकडा यायचा तो बहुधा दंडासाठी.
सत्त्याऐंशी नंबर, हाताने धरलं, दहा यार्ड मागे.
घरी आई रेडिओ ऐकत असायची.
तेवढं तरी कळतं, म्हणायची, तू खेळतोयस.

हो, जानेवारीतला तो एक झेल आहे.
चौथा प्रयत्न, दोन यार्ड, बर्फ आडवा पडत होता.
तीन जण अंगावर. खालून निघाला तेव्हा
एक हातमोजा गेलेला, एक दात अर्धा,
आणि चेंडू पोटाशी, भाजलेल्या बटाट्यासारखा धरलेला.
अनामिका भलत्याच दिशेला बघत होती.
मी ती मधल्या बोटाला बांधून टाकली.
'मोडलंय का?'
'एप्रिलमध्ये सांग.'

रीळ संपलं की आतलं पुठ्ठ्याचं कडं
तो खिशात टाकायचा, मुलीसाठी.
आयली त्यांचे मनोरे रचायची.

मग ऑगस्टमधला तो मंगळवार.
दारात कुणीतरी पोरगेलासा माणूस:
साहेबांनी बोलावलंय, प्लेबुक घेऊन ये.
जेवणाच्या सुट्टीआधी त्याच्या कपाटावर
जॉर्जियाच्या एका बावीस वर्षांच्या मुलाचं नाव,
डिंक अजून ओला.
तो माझ्या टेबलावर येऊन बसला, पाय वर घेतले.
'बांध.'
'आज तुला सराव नाही, अर्विद.'
'माहीत आहे.'
बांधले. उजवा आधी. जरा जास्तच घट्ट.
तसाच, मोज्यांशिवाय, बूट हातात घेऊन
तो गाड्यांच्या तळापर्यंत चालत गेला.

गेल्या हिवाळ्यात मी त्याच्याकडे गेलो होतो.
काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवतो तो आता.
लोक म्हणतात, तेच काम की रे,
दुसऱ्यांसाठी वाट मोकळी करायची.
त्याला ते पटत नाही.
बर्फ, म्हणतो, उलटून मारत नाही.
लोणच्याच्या बरणीचं झाकण आयलीने उघडून दिलं,
न सांगता, सवयीने.
गॅरेजमध्ये पुठ्ठ्याची कडी, पोत्यांत भरलेली;
टाकून देऊ का, बायको दर वसंतात विचारते म्हणे.

निघताना त्याने विचारलं,
'तो जॉर्जियाचा मुलगा? घोटे कसे आहेत?'
बरे आहेत, म्हटलं. पण त्याला डावा आधी लागतो.
अर्विद बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला,
'आणि बरगड्या?'